इन्कम टॅक्सचा रिफंड: रक्कम जुळवण्यापासून खर्चापर्यंत

बँकेच्या मेसेजमध्ये किंवा पासबुकात ‘आयटीडीटॅक्स रिफंड २०२५-२६’ आणि त्याला जोडून आपला पॅन दिसला, की रिफंड आला. यातलं २०२५-२६ हे असेसमेंट इयर असतं. म्हणजे हे पैसे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाच्या कमाईवर जास्तीचा कापलेला कर आहेत. एकाहून अधिक वर्षांचे रिफंड अडकलेले असतील, तर कुठला सुटला हे या आकड्यावरूनच कळतं. म्हणून तो मेसेज पुसू नका. आणि खर्चाची यादी करायलाही बसू नका, आधी रक्कम बरोबर आहे का ते बघा.

रक्कम जुळवणं

रिटर्न तपासून झालं की बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, ईमेलने इंटिमेशन (हिशेबाचं पत्र) येतं, कलम १४३(१) खालचं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख आठ आकड्यांत. आत दोन रकाने असतात: तुम्ही रिटर्नमध्ये काय भरलं आणि विभागाने काय धरलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचा. एकूण उत्पन्न, वजावटी, कर, टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर) या चार ओळी जुळल्या तर बाकीचं बहुतेक जुळतंच.

समजा एकूण कर १,१०,००० बसला आणि पगारातून १,४६,००० कापले गेले. रिफंड ३६,०००. पण खात्यात ३६,९०० आले. वरचे ९०० हे व्याज. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर व्याज १ एप्रिलपासून रिफंड मंजूर होईपर्यंत दरमहा अर्धा टक्का, आणि महिन्याचा एखादा दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. ऑगस्टमध्ये मंजुरी, म्हणजे पाच महिने, अडीच टक्के, ९०० रुपये. रिटर्न उशिरा भरलं तर व्याज भरल्या तारखेपासूनच सुरू होतं. आणि टीडीएसचा रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळतच नाही. वरच्याच माणसाचा रिफंड ९,००० असता तर नुसते ९,००० आले असते.

मुद्दलावर कर नाही, व्याजावर आहे. हे ९०० ज्या वर्षी हातात आले त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ म्हणून दाखवायचे. एआयएसमध्ये (विभागाकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत) ते दिसतात, त्यामुळे विसरलात तरी विभाग विसरत नाही. आत्ताच वहीत लिहून ठेवलं तर पुढच्या जुलैत शोधाशोध नको.

कमी आला तर

सगळ्यात जास्त घोळ टीडीएसच्या ओळीत होतो. जोडखात्यातली एफडी असेल तर टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जमा होतो. आईच्या नावाने कापलेला कर मुलाने आपल्या रिटर्नमध्ये मागितला तर तो उडतो. फॉर्म १६ मध्ये (कंपनीने दिलेल्या दाखल्यात) कपात दिसते पण २६एएस मध्ये (विभागाकडच्या टीडीएसच्या नोंदीत) नाही, असंही होतं. तिथे कंपनीने टीडीएसचं विवरण भरलेलं नसतं किंवा पॅन चुकवलेला असतो. विभागाशी भांडून उपयोग नाही, कंपनीच्या अकाउंट्सकडून दुरुस्ती करून घ्यायची आणि मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’ मधून रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्तीची विनंती, टाकायची.

शिक्षक आणि पालिका कर्मचाऱ्यांना पगाराची थकबाकी एकदम मिळते तेव्हा कलम ८९ ची सवलत मागतात, पण फॉर्म १०ई भरायचा राहतो. तो रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरलेला नसेल तर सवलत सरळ नाकारली जाते. तसंच मुदत उलटून रिटर्न भरलं की नवी करप्रणालीच लागू होते, आणि तिच्यात बहुतेक वजावटी मिळत नाहीत. घरभाडं आणि ८०सी (पीपीएफ, आयुर्विमा वगैरेंची वजावट) धरून काढलेला रिफंड मग कागदावरच राहतो.

कराची जुनी थकबाकी हे आणखी एक कारण. कलम २४५ खाली विभाग आधी सूचना पाठवतो आणि उत्तराला २१ दिवस देतो. ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ मध्ये जाऊन ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडा आणि मान्य आहे की नाही ते चलनाच्या तपशिलासह कळवा. गप्प बसलात तर तेवढी रक्कम रिफंडातून वळती होते. कागदी रिटर्नच्या काळातल्या बऱ्याच मागण्या अशाच चुकीच्या पडून होत्या. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० पर्यंतच्या मागण्या रद्द झाल्या, एका करदात्याला एक लाखाच्या मर्यादेत. तुमची त्यात बसत असेल तर उत्तरात तसं लिहा.

चुकून जास्त आला तर? फरक बाजूला ठेवा, हात लावू नका. तो परत मागितला जातो, आणि तेव्हा व्याजही लागू शकतं.

आलाच नाही तर

आधी रिटर्न ई-व्हेरिफाय झालंय का बघा. भरल्यापासून ३० दिवस मिळतात. त्यानंतर केलंत तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न विभागाच्या लेखी न भरल्यासारखंच. मग ‘ई-फाइल’, ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ या वाटेने स्थिती बघा. ‘अंडर प्रोसेसिंग’ असेल तर थांबण्यावाचून इलाज नाही. कायद्याने विभागाला रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यापासून नऊ महिने मिळतात. म्हणजे जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नचं इंटिमेशन ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत येऊ शकतं. बहुतेकांचं त्याच्या कितीतरी आधी येतं, पण तारीख ठाऊक असली की जीव टांगणीला लागत नाही.

‘रिफंड फेल्ड’ दिसलं तर दोष खात्यात आहे. ‘माय प्रोफाइल’ मधल्या ‘माय बँक अकाउंट’ मध्ये खात्यापुढे ‘व्हॅलिडेटेड’ असायला हवं आणि ‘नॉमिनेट फॉर रिफंड’ चं बटण चालू. इथे दोन गोष्टी नेहमी नडतात. एक, बँकांचं विलीनीकरण: देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, पुढच्याच वर्षी सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. खातं चालू असतं, पण पोर्टलवर शाखेचा जुनाच आयएफएससी कोड पडून असतो. दुसरी गोष्ट नाव. पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, किंवा बँकेत आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी. व्हॅलिडेशन अडलं की आधी बँकेत जाऊन पॅन आणि नाव एकसारखं करून घ्या, केवायसी नवं करा, मग पोर्टलवर पुन्हा व्हॅलिडेट करा आणि शेवटी ‘सर्व्हिसेस’ मध्ये ‘रिफंड रीइश्यू’ ची विनंती टाका. या क्रमाने गेला नाहीत तर रिफंड दुसऱ्यांदा परत जातो.

पॅन आधारला जोडलेला नसेल तर तो १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय आहे. अशा पॅनवर रिफंडही निघत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. १,००० रुपये भरून आधी तो जिवंत करा. आणि रिफंड १०० रुपयांच्या आत असेल तर वाट बघू नका, तेवढा पाठवतच नाहीत.

रिटर्न भरायचंच राहून गेलं आणि मुदत संपली, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत. अशा रिफंडवर व्याज मात्र मिळत नाही.

एक सावधगिरी. ‘रिफंड मंजूर झालाय, खातं अपडेट करा’ असा लिंकवाला मेसेज आला तर तो उघडूच नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा. तसाच ‘रिफंड वाढवून देतो, दहा टक्के माझे’ म्हणणारा एजंट. खोट्या देणग्या, न भरलेलं घरभाडं दाखवून तो रिफंड काढतो, पोर्टलवर स्वतःचा ईमेल टाकतो आणि नोटीस तुम्हाला दिसतच नाही. १४ जुलै २०२५ ला विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशाच दाव्यांची तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटीवर दंड वाचवलेल्या कराच्या दुप्पट असतो आणि तो एजंट भरत नाही. प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे आजच बघा. दावा चुकीचा असेल तर सुधारित रिटर्नची मुदत असेपर्यंत तो काढून टाका.

आलेले पैसे कुठे लावायचे

३६,००० एकदम दिसले की ते घबाड वाटतं. बाराने भागा: दरमहा ३,००० रुपये. तो तुमचाच पगार, उशिरा हातात आलेला. म्हणून पगारात जे आधी फेडलं असतं तेच इथेही आधी.

क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर दुसरा विचारच नको. महिना साडेतीन टक्के दराने ३६,००० वर १,२६० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ १,४८७ रुपये दर महिन्याला. एवढा परतावा कुठलीच गुंतवणूक देत नाही. कार्डाला पूर्ण रक्कम भरा. ‘मिनिमम ड्यू’ भरून उरलेल्यात सोनं घेणं म्हणजे एका खिशातून दुप्पट काढून दुसऱ्यात निम्मं टाकणं.

कार्ड नसेल आणि घरकर्ज नवं असेल, तर थोडं मुद्दल आधीच फेडण्यात मजा आहे. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे २६,०३५. सुरुवातीलाच ४०,००० जादा भरले तर शेवटचे साधारण आठ हप्ते वाचतात, म्हणजे दोन लाखांच्या वर. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला यासाठी दंड नाही. बँकेला ‘मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा’ हे लेखी सांगा, नाहीतर हप्ता घटवला जाऊ शकतो आणि फायदा पातळ होतो. १६-१७ वर्षं झालेल्या कर्जात मात्र व्याज जवळपास फेडून झालेलं असतं. तिथे हाच पैसा हाताशी ठेवणं बरं.

रिफंड बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, गणपतीच्या आसपास, आणि दिवाळीपर्यंत कुठे गेला ते कळत नाही. पुढच्या सहा महिन्यांत ठरलेले खर्च, म्हणजे गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, दुसऱ्या सत्राची फी, कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. हौसेचा आकडाही याच दिवशी ठरवा. सणाला खर्च करण्यात काही वावगं नाही, पण खर्च आधी आणि हिशेब मागून झाला की कार्डाची बाकी नव्याने उभी राहते.

पीपीएफमध्ये टाकणार असाल तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत टाका, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं. बायकोच्या नावाने एफडी केली तर तिचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आईवडिलांना दिलेल्या पैशाला हा नियम नाही.

पुढच्या वर्षी एवढा अडकू नये म्हणून

दरवर्षी मोठा रिफंड येणं म्हणजे टीडीएस चुकीच्या अंदाजावर कापला जातोय. नोकरदारांनी एप्रिलमध्येच करप्रणाली कळवावी. जुनी घेणार असाल तर घरभाड्याच्या पावत्या, वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन आणि घरकर्जाच्या व्याजाचा दाखला जानेवारीत कंपनीने मागितल्याबरोबर द्या. तो एक कागद राहिला की फेब्रुवारी-मार्चचा पगार कापला जातो आणि तोच पैसा ऑगस्टात रिफंड म्हणून परत येतो. कपात सुधारून महिन्याला ३,००० जास्त हातात येऊ लागले तर त्याच दिवशी तेवढ्याचं रिकरिंग सुरू करा. आजवर त्याच्याशिवाय भागतच होतं.

आजी-आजोबांच्या एफडीचं व्याज एका बँकेत वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस लागतो (१ एप्रिल २०२५ पासूनची मर्यादा). त्यांचा एकूण कर शून्य येत असेल तर स्वयंघोषणेचा फॉर्म, ज्याला अजून सगळे १५एच म्हणतात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक बँकेत वेगळा द्या आणि पोच घ्या. उशिरा दिला तर तोवर कापून सरकारकडे भरलेला कर बँक परत देत नाही. तो मिळवायला पुन्हा रिटर्न आणि पुन्हा हीच वाट.