मॅक्रोफेज, साखर आणि दाह: या चुका टाळा

मॅक्रोफेजना (रोगजंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींना) एलपीएस (दाह चेतवणारा, जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिलं, पेशी वाढवायचं माध्यम आम्ल होऊन पिवळं पडलं, लॅक्टेट वाढलं. लगेच वहीत वाक्य उतरतं: ‘मायटोकॉन्ड्रिया बंद, पेशी ग्लायकोलिसिसवर.’ (मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ग्लायकोलिसिस म्हणजे ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज फोडणं.) यातला दुसरा भाग बरोबर, पहिला घाईचा.

एका ग्लुकोजमागे ग्लायकोलिसिसमधून निव्वळ २ एटीपी (पेशीचं ऊर्जाचलन), मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळलं तर सुमारे ३०. मग हा तोट्याचा धंदा कशाला? एक तर तो झटपट चालतो. शिवाय मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या कामाला लागलेले असतात. उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये क्रेब्ज चक्र (मायटोकॉन्ड्रियातली इंधन जाळणारी अभिक्रियांची साखळी) तुटतं: सायट्रेट मेदाम्लांकडे वळतं, सक्सिनेट साचतं. त्याचं ऑक्सिडेशन होताना क्रियाशील ऑक्सिजन रेणू सुटतात, एचआयएफ-१ अल्फा (जनुकं चालू करणारं प्रथिन) टिकून राहतं आणि आयएल-१ बीटाचं (दाह वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनाचं) जनुक जोरात चालतं. म्हणजे दाहाला हवा देणारे मायटोकॉन्ड्रियाच. गंमत अशी, की याच तुटक्या चक्रातून इटाकोनेटही बनतं, आणि ते सक्सिनेटचं ऑक्सिडेशन करणाऱ्या विकराला, सक्सिनेट डीहायड्रोजनेजला, लगाम घालतं. म्हणजे चित्र वेळेनुसार बदलतं, म्हणून एलपीएसनंतरचा ४ तासांचा नमुना आणि २४ तासांचा नमुना एकाच तक्त्यात सरसकट मोजू नका.

ग्लायकोलिसिस रोखायला वापरतात त्या २-डीऑक्सिग्लुकोजवर फार विसंबू नका. ते प्रथिनांना साखर जोडण्याच्या कामातही लुडबुड करतं आणि एटीपीही खाली आणतं. सगळेच सायटोकाइन (आयएल-१ बीटा, टीएनएफ यांसारखी संदेश-प्रथिनं) घटले, तर पेशी नुसत्या आजारी असतील. आधी जिवंत पेशी मोजा. टीएनएफ जागच्या जागी आणि फक्त आयएल-१ बीटा खाली, तर बोलण्यात दम आहे.

आयएल-१ बीटाचं आरएनए भरपूर, पण माध्यमात ते प्रथिन नाही? प्रयोग फसलेला नाही. कॅस्पेस-१ या विकराने कापल्याशिवाय त्याचं सक्रिय रूप तयार होत नाही. एलपीएसनंतर निजेरिसिन किंवा एटीपीसारखा कॅस्पेस-१ला जागं करणारा दुसरा इशारा देऊन बघा. साधं सक्सिनेट ओतून काही घडलं नाही, तरी निराश होऊ नका. ते पेशीत सहज शिरत नाही, पेशीत शिरणारं डायएथिल सक्सिनेट वापरा.

माध्यम आम्ल झालं की सगळं श्रेय लॅक्टेटला देतात. मायटोकॉन्ड्रियातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही आम्लता वाढवतो, तेव्हा लॅक्टेट वेगळं मोजा.

उंदराचे निष्कर्ष माणसावर चिकटवताना मात्र हात आखडता ठेवा. उंदराच्या पेशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि तेच पुढे मायटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी रोखतं. माणसाच्या मोनोसाइटपासून वाढवलेल्या मॅक्रोफेजमध्ये ते फारच थोडं बनतं.

आणि माध्यमाच्या बाटलीवरचं लेबल वाचा: २५ मिलिमोलर ग्लुकोज म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या पातळीच्या जवळपास पाचपट.