गाडीचं मीटर काढताना या चुका टाळा

गाडीचं मीटर, म्हणजे स्टीअरिंगमागचा काटे आणि दिवे असलेला भाग, घरच्या घरी काढता येतं, हत्यारंही फारशी लागत नाहीत. लागतो तो धीर. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हिसका. एका शेजाऱ्याने मीटरमधला बल्ब बदलायला घेतला. स्क्रू काढले, मीटर बोटभर पुढे आलं आणि अडलं. त्याला वाटलं क्लिप अडकली असेल, म्हणून जोर लावून ओढलं. अडकला होता मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग. त्याचं लॉक उघडलंच नव्हतं, त्यामुळे मीटरच्या सर्किट बोर्डावरचं सॉकेट पिनांसकट उखडून आलं. बल्ब राहिला बाजूला, बोर्डाची दुरुस्ती मागे लागली. मीटर अडलं की हात थांबलाच पाहिजे. टॉर्च मारा, मागे बोटं घालून कपलर चाचपा. कुठे दाबायची जीभ असते, कुठे फिरवायचा खटका. लॉक सुटल्यावर कपलरचं प्लास्टिक धरून ओढा, वायरी धरून कधीही नाही. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबलही असते, ती वेगळी सोडवावी लागते.

दुसरी चूक बॅटरीची. “चावी काढली आहे, तेवढं पुरे,” असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हात स्टीअरिंगमागे घालायचा असतो आणि एअरबॅग तिथेच बसलेली असते. बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ चार्ज राहतो. निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा. मी त्याहून थोडा जास्तच थांबतो. बॅटरी काढल्यावर रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. मीटर बाहेर असताना इग्निशन चालू करू नका. एअरबॅगचा फॉल्ट नोंदला गेला, तर तिचा इशाऱ्याचा दिवा घालवायला स्कॅनर (गाडीतले फॉल्ट वाचणारं यंत्र) लागू शकतो. काही गाड्यांत इमोबिलायझरच (चोरी रोखायला इंजिन सुरू होऊ न देणारा भाग) मीटरमध्ये असतो.

ट्रिमला, म्हणजे मीटरभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीला, स्क्रूड्रायव्हर लावू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. स्टीअरिंग खाली करून त्यावर जाड कापड टाका. काट्यांना बोट लावू नका. जुनं मीटर काचेची बाजू खाली करून पालथं ठेवलं, तर काटे स्थिर ठेवणारं सिलिकॉन तेल ओघळू शकतं.

परत बसवताना आधी कपलर, मग बॅटरी जोडा. सगळे दिवे आणि काटे तपासल्यावरच ट्रिम दाबून बसवा.