संत्र्यावरची बुरशी मायक्रोस्कोपखाली कशी बघायची

नागपुरात अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास येणारी, संत्री आली की घरात टोपलं भरून असतं आणि तळातलं एखादं नासतंच, तर ते फेकायच्या आधी त्यावरची बुरशी एकदा मायक्रोस्कोपखाली बघाच. शाळेतला साधा मायक्रोस्कोप पुरतो, 10 चा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि 40 चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) मिळून 400 पट मोठं दिसतं.

नासलेलं नसेल तर सालीवर सुईने ओरखडा काढा, कारण ही बुरशी जखमेतूनच आत शिरते, आणि झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूसोबत ठेवून द्या. मृग बहाराची, म्हणजे वर्षातली दुसरी, संत्री येतात तेव्हा गरमी वाढलेली असते म्हणून डबा कूलरच्या खोलीत ठेवायचा, या बुरशीला 25 डिग्रीच्या आसपास मानवतं. आधी सालीवर मऊ पाणथळ डाग येतो, मग पांढरं, मग मधोमध रंग. हिरवा आणि भोवती रुंद पांढरा पट्टा असेल तर बहुतेक पेनिसिलियम डिजिटॅटम, निळसर आणि पट्टा अरुंद असेल तर पेनिसिलियम इटालिकम.

डबा उघडताना पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि दमा असलेल्यांनी लांबच राहायचं.

आता खरी गोष्ट म्हणजे सॅम्पल कुठून घ्यायचं. सगळे मधली गडद हिरवी पावडर उचलतात आणि मग नुसते सुटे बीजाणूच (ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते बारीक कण) दिसतात, बुरशीची रचना काही कळत नाही. पांढरं संपून फिकट हिरवं जिथे सुरू होतं त्या कडेला पारदर्शक सेलोटेप अलगद टेकवा, दाबू नका. टेपवर स्पिरिटचा एक थेंब टाका, बीजाणू पाण्याने लवकर भिजत नाहीत आणि बुडबुडे अडकतात. मग स्लाइडवर मेथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब घेऊन चिकट बाजू खाली करून टेप त्यावर लावा, वेगळी कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) लागत नाही.

आधी 10 च्या ऑब्जेक्टिव्हने कड शोधा, उजेड कमी करा, मग 40 वर जा. आडवे पडदे असलेले बारीक धागे दिसतील, त्यांच्या टोकाला हाताच्या बोटांसारख्या फांद्या आणि त्यांच्यावर बीजाणूंच्या माळा, डिजिटॅटमचा एकेक बीजाणू साधारण 6 ते 8 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब. माळा अख्ख्या दिसल्या तर सॅम्पल जमलं, तुटलेल्या असतील तर नवीन टेप घ्या.

बघून झालं की संत्रं पिशवीत बांधूनच टाका, चांगला भाग कापून खाऊ नका. नंतर ब्रेडवरची काळी बुरशी अशीच लावून बघा, तिचे धागे जाड, बहुतेक बिनपडद्याचे, आणि टोकाला माळेऐवजी बीजाणूंनी भरलेली गोल काळी पिशवी असते, म्हणजे दोन्हीतला फरक लगेच ओळखता येतो.