श्वासाचा गजर कार्बन डायऑक्साइडचा असतो: या चुका टाळा

बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, म्हणून आत्याने मायेपोटी हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटर यंत्राच्या फ्लोमीटरमधली (प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी मिनिटाला दोन लिटरवरून पाचवर चढवली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. तासाभरात बाबा पेंगायला लागले. बरं वाटतंय म्हणून डोळा लागला असेल, असं आम्हाला वाटलं. मग डोकं जड झाल्याची तक्रार सुरू झाली, चहाचा कप धरताना हात झटके देऊ लागला, बोलण्याचा ताळमेळ सुटला. रुग्णालयात धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी एबीजी तपासणी झाली तेव्हा कळलं, ऑक्सिजन भरपूर होता, पण कार्बन डायऑक्साइड साचत गेला होता.

त्या रात्रीपासून हे मी भेटेल त्याला सांगते. श्वास कोंडला की जीव कासावीस होतो, तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवलं होतं की हा वायू किंचित वाढला तरी श्वास जोरात चालू लागतो. रक्तातून तो मेंदूत सहज शिरतो, तिथल्या पाण्यात मिसळून आम्ल तयार करतो, आणि मेंदूच्या तळाशी, मेड्युलात, असलेल्या पेशी ती आम्लता ओळखून श्वासाची गती वाढवतात. मानेतल्या धमनीजवळ कॅरोटिड बॉडी नावाचा इवलासा अवयव ऑक्सिजनवरही नजर ठेवतो, पण तो जोरात ओरडतो ते रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिमी पाऱ्याच्या खाली गेल्यावर. कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र शरीर ३५ ते ४५ मिमीच्या आत राखत असतं.

म्हणून पहिली चूक: ऑक्सिमीटरवर विसंबणं. ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत तो साचण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात. ९८ पाहून खूश होऊ नका. जास्त ऑक्सिजनने फक्त श्वासाची ओढ कमी होते असं नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिकडेही रक्त वळतं, शिवाय हिमोग्लोबिन आपल्याकडचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. आणि जुन्या रुग्णाचं मूत्रपिंड बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) वाढवून आम्लता झाकत असल्यामुळे मेंदूचा गजर आधीच मंदावलेला असतो.

दुसरी चूक याच्या उलट, आणि तितकीच घातक. घाबरून ऑक्सिजन एकदम बंद करू नका. पातळी झपाट्याने कोसळू शकते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रवाहावर परत आणा आणि लगेच रुग्णालय गाठा. झोपेची गोळी तर विचारल्याशिवाय मुळीच नको, ती श्वासाचं केंद्रही गुंगवू शकते. आमच्याकडे आता फ्लोमीटरवर दोनच्या खुणेशी लाल चिकटपट्टी लावली आहे. आत्यानेच लावली.

तिसरी चूक: पॅनिक अटॅकमध्ये भराभर श्वासाने उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड परत मिळावा म्हणून तोंडाला कागदी पिशवी लावायची पद्धत आजही दिसते. कृपा करून करू नका. तो दम्याचा किंवा हृदयविकाराचा झटका असला तर पिशवीत ऑक्सिजन कमी पडून माणूस जाऊ शकतो. शेजारी बसा, श्वास सावकाश सोडायला सांगा. छातीत दुखत असेल किंवा पहिल्यांदाच होत असेल तर दवाखान्यात न्या.

आणि उन्हाळ्यात विहिरीवर जाणाऱ्या पोरांच्या आईबापांनो, हे नक्की वाचा. जास्त वेळ पाण्याखाली राहायचं म्हणून पोरं बुडीआधी भराभर खोल श्वास घेतात. निरोगी माणसाचं रक्त ऑक्सिजनने आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यामुळे फारसं काही वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. डोकं हलकं होणं, बोटांना मुंग्या येणं ही त्याचीच खूण. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो तरी गजर वाजत नाही, कासावीस वाटण्याआधीच शुद्ध हरपते. ना धडपड, ना आरडाओरडा. काठावरच्यांना वाटतं, पोरगा अजून दम धरून आहे. बुडीआधी नेहमीसारखा एखादाच श्वास पुरे, आणि काठावर पोहता येणारा एक मोठा माणूस हवा, ज्याची नजर मोबाइलवर नाही, पाण्यावर आहे.