‘चाला, चिखलदऱ्याले जाऊ’ : ऐनवेळी निघताना या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे कोणी वावरात जात नाही. घरात कालच्या पुरणपोळ्या उरलेल्या, जावई मुक्कामाला, पोरांना सुटी. अशाच एका करीला सकाळी चहा पिता पिता धाकटा भाऊ म्हणाला, "चाला ना, चिखलदऱ्याले जाऊ. दोन तासाचा तं रस्ता हाय." चिखलदरा म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण. चहा संपायच्या आत शेजाऱ्यांची बोलेरो ठरली, आणि ‘मी नाही येत बाप्पा’ म्हणणारी आजी सगळ्यात आधी लुगडं बदलून ओट्यावर येऊन बसली.

असं ऐनवेळी निघणं ही मला चूक वाटत नाही. महिनाभर आधी ठरवलेल्या आमच्या ट्रिपा कधी निघाल्याच नाहीत. कधी फवारणी आडवी आली, कधी कोणाचं लगन. निम्म्या चुका होतात त्या ठरल्यापासून पायथ्याचं परतवाडा सुटेपर्यंत. त्यानंतर घाट लागतो, आणि घाटात सुधारायला फारसं काही हातात राहत नाही.

किलोमीटर मोजले, वेळ नाही मोजली

चांदूर बाजार तालुक्यातून चिखलदरा साठेक किलोमीटर. पण आठला ठरलेली गाडी साडेबाराला हलली. कोणाची आंघोळ राहिली होती, जावयाच्या शर्टाला इस्त्री नव्हती, मग ‘आता जेवूनच निघू’. घाटाच्या पायथ्याशी तीन वाजले आणि वर ढग उतरायला लागले. भाद्रपदात तिथं धुकं आलं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही.

दुपारी बारापर्यंत घर सुटत नसेल तर त्या दिवशी परतवाड्यात मुक्काम करा, जवळच्या मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरं बघा आणि पहाटे घाट चढा. धुक्यात सापडलातच तर लाइट लोअरवर ठेवा. अप्पर मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला कळत नाही की तुम्ही वळताय की थांबलाय. वळणावर हॉर्न द्या, काच थोडी खाली ठेवा, समोरच्या गाडीचा आवाज आधी कानाला कळतो.

गाडी कोणाची, कागद कोणाचे

शेजाऱ्यांची गाडी होती, ‘डिझेल टाकून द्या अन् वरून काय द्यायचं ते द्या’ या बोलीवर. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी पैसे घेऊन दिली आणि काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. हे आम्हाला नंतर कळलं. शिवाय आम्ही नऊ जण, आसनं सात. आपली चूक आपणच सांगितलेली बरी.

आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन, एवढं मोबाइलमध्ये असू द्या आणि कागदावरही. कारण मेळघाटात रेंज जाते, आणि ॲप उघडत नाही तेव्हा पोलिसाला दाखवायला काहीच नसतं. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे दारातच बघा. आमच्या बोलेरोत जॅक होता, त्याचा दांडा नव्हता.

परतवाड्यात थांबलो नाही

मला विचाराल तर ही सगळ्यात मोठी चूक. परतवाडा म्हणजे घाटाच्या तोंडचं शेवटचं मोठं गाव. टाकी इथंच भरा. एटीएममधून नगदी काढा, कारण वर रबडीवाल्याचा क्यूआर असतो पण नेटवर्क नसतं. नकाशा डाउनलोड करून ठेवा. घरी फोन करून सांगा की उद्यापर्यंत फोन लागला नाही तर घाबरू नका. आमच्या काकांनी संध्याकाळपर्यंत चाळीस कॉल केले होते.

आणि रस्ता इथंच विचारा. इथून वर जायला दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढी, मोथ्यावरून, दुसरा धारणी रोडनं घटांगपर्यंत जाऊन तिथून वळून. पावसाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी पोलीस कधीकधी एकेरी वाहतूक करतात, चढायला एक आणि उतरायला दुसरा. मोबाइलमधल्या बाईला हे ठाऊक नसतं. चौकातल्या पानठेल्यावर विचारलं असतं तर आमचा पाऊण तास वाचला असता.

चढताना गाडी तापली

नऊ माणसं, वर सामान, एसी फुल, आणि भाऊ तिसऱ्या गिअरात रेटतोय. मोथ्याच्या अलीकडे काटा लाल पट्ट्यात गेला. जावई उतरले आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी ओरडलो म्हणून वाचले. तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

अशा वेळी एसी बंद करा, हीटर फुल करा (हो, घाम फुटेल, पण इंजिनातली उष्णता आत ओढली जाते), जागा मिळताच गाडी बाजूला घ्या. बोनेट उघडा आणि मग अर्धा तास काही करू नका. झाकणाला हात लावता येईल इतकं थंड झाल्यावरच जाडं फडकं धरून हळू उघडा. चढावर आधीच दुसऱ्या गिअरात या. इंजिन रडायला लागेपर्यंत थांबायचं नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला जुना नियम. उतरणाऱ्यानं थांबायचं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण, ते ज्यानं उचलली त्यालाच ठाऊक.

उतरताना न्यूटल

आता या चुकीवर थोडं थांबतो, कारण आमच्या भागात ही चूक म्हणून नाही, हुशारी म्हणून सांगतात. ‘उतारावर न्यूटल कर, डिझेल वाचते.’ परतीला भावानं तेच केलं. पाच-सहा वळणांनंतर गाडीत जळका वास आला. आजी म्हणाली, "कोणाचं रब्बर जळून राह्यलं?" कोणाचं नाही, आपलंच.

न्यूट्रलमध्ये गाडीला फक्त ब्रेक धरून ठेवतात. सतत दाबलेले ब्रेक तापतात, लायनर घट्ट पकडेनासे होतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यानं हवेतली ओल शोषलेली असते, ते तापून उकळतं, बुडबुडे होतात आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. त्यात इंजिन बंद केलं असेल तर ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंगही जड होतं. डिझेल वाचण्याचं म्हणाल तर आजच्या गाड्यांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला इंधन जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतं.

जो गिअर चढायला लागला तोच उतरायला. ब्रेक दाबून ठेवायचा नाही. थोडा दाबा, वेग खाली आणा, सोडा. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, वीस-तीस मिनिटं. ब्रेकवर पाणी ओतू नका, गरम लोखंड तडकतं. ब्रेक लागेनासाच झाला तर पॅडल भराभर मारा, गिअर एकेक करून खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नाही. काहीच जमलं नाही तर दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला गाडी घासू द्या. पत्रा नवा मिळतो.

उलट्या, थंडी आणि खोली

मोठी बहीण कधी मागे बसत नाही. त्या दिवशी आजीला पुढं बसवलं म्हणून मागे गेली, मोबाइल बघत बसली, आणि तिसऱ्या वळणावर खिडकी उघडा म्हणाली. कान सांगतो ‘हलतोय’, डोळा मोबाइलवर सांगतो ‘स्थिर आहे’, त्या भांडणातून मळमळ सुरू होते. ज्याला त्रास आहे त्याला पुढं किंवा मधल्या सीटवर बसवा, नजर रस्त्यावर. पुरणपोळी पोटभर खाऊन घाट चढू नका. गोळी घेणार असाल तर घाटाच्या तास-दीड तास आधी, डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला विचारून. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते.

चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, परतवाडा चारशेच्या आत. म्हणजे खाली घाम आणि वर चार-पाच अंशांनी गार, त्यात ओला वारा. पोरांना बाह्यांचे कपडे आणि प्रत्येकाला कोरडे मोजे घ्या. खोलीचं तर सांगूच नका. शनिवार-रविवार आणि लागून सुटी असेल तर ‘मिळून जाईल’ म्हणून जाऊ नका. आम्हाला एक हॉल मिळाला, नऊ गाद्या, एक संडास. पोरांना मात्र तीच रात्र आठवते.

सगळे पॉइंट एका दिवसात

देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, गाविलगड, मोझरी पॉइंट, सगळं चार तासांत उरकायचं म्हणून आम्ही पळालो आणि देवी पॉइंटला पांढऱ्या धुक्याचे फोटो काढून परतलो. धुकं एका जागी बसून वाट बघितली तर पंधरा-वीस मिनिटांत फाटतं, आणि मग दरी एकदम समोर येते. पंचबोलला आम्ही बसलो, तिथंच ती दिसली. भीमकुंडाच्या काठचे दगड शेवाळलेले असतात, तिथं चपलेनं सेल्फी नको. गाविलगडाला अर्धा दिवस द्या. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्याचा पसारा गेटवर उभं राहून कळत नाही, आणि पावसाळ्यात गवत कमरेइतकं असतं.

आजूबाजूचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं, १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. अंधारात लघवीला म्हणून कुठंही उतरू नका. वाघ क्वचित दिसेल, अस्वल आणि रानगवा नेमका तेव्हाच समोर येतो.

‘इतकं आलोच तर पचमढी’

दुसऱ्या दिवशी आजीनं काढलं : "माह्या महादेव राह्यला." आमच्या भागातून महादेवाला पचमढीला जाणारे पुष्कळ. नकाशावर सातपुडाच तर आहे सगळा. पण चिखलदऱ्याहून खाली परतवाडा, मग बैतूल, इटारसी, पिपरिया आणि तिथून पन्नासेक किलोमीटर वर पचमढी, असा तीनशेच्या वर किलोमीटरचा पल्ला आहे. तो त्याच दिवशी दुपारी सुरू करायचा नसतो. आम्ही केला, आणि रात्री अकराला पिपरियात लॉज शोधत होतो.

चौघांना परतवाड्यातून एसटीनं घरी धाडलं, तो त्या ट्रिपमधला एकमेव शहाणपणाचा निर्णय. निघताना हे बघा : गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, असेल तर मध्य प्रदेशात शिरण्याआधी तिचा परवाना आणि कर भरलेला आहे का, मालकाकडून पक्कं करा. पचमढीत धूपगड (१३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर) आणि बी फॉलकडे स्वतःची गाडी नेता येत नाही, जिप्सी करावी लागते. तिचे पैसे आधीच धरा. आणि महादेवाच्या चौरागडाच्या पायऱ्या तेराशेच्या आसपास आहेत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला निघण्याआधी सांगा.

आम्ही आजीला सांगितलं नव्हतं. पायथ्याशी तिनं वर बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "तुम्ही बसा खाली, म्या येतो जाऊन." साडेतीन तासांनी उतरली. आम्ही तोवर बोलेरोच्या जॅकसाठी दांडा शोधत पचमढीच्या बाजारात हिंडत होतो.