किती पुरावा पुरेसा मानावा?

पुस्तक कपाटातच आहे असे गृहीत धरले आणि ते तिथे नसले, तर पुन्हा शोधावे लागते, एवढेच. पण गॅस बंद केला आहे असे गृहीत धरून घर सोडले आणि तो सुरूच राहिला, तर परिणाम भयंकर होऊ शकतो. दोन्ही बाबतींत आठवण तितकीच स्पष्ट असली, तरी दुसऱ्या वेळी परत जाऊन पाहणेच योग्य ठरते. म्हणून एखादी गोष्ट खरी मानण्यापूर्वी, आपण चुकलो तर कोणाचे काय बिघडेल, हा प्रश्न आधी लिहून काढावा. त्यातही खोटे खरे मानल्याचे नुकसान आणि खरे नाकारल्याचे नुकसान वेगवेगळे मांडावे, कारण बहुतेक जण यांपैकी एकाचाच विचार करतात.

सप्टेंबर १९६० मध्ये थॅलिडोमाइड या औषधाच्या परवानगीचा अर्ज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे आला. औषध युरोपात विकले जात होते, तिथे ते गर्भवतींनाही दिले जात होते, आणि कंपनीला घाई होती. ते घातक असल्याचा पुरावा केल्सी यांच्याकडे नव्हता, परंतु ते सुरक्षित असल्याचा पुरावाही त्यांना तोकडा वाटला. हे औषध घेणाऱ्यांच्या नसांवर परिणाम होत असल्याचे एक पत्र वाचनात आल्यावर, गर्भावर काय परिणाम होतो ते दाखवा, अशी मागणी त्यांनी केली. १९६१ च्या अखेरीस बालकांच्या जन्मजात व्यंगांशी या औषधाचा संबंध उघड झाला. येथे थांबण्याची किंमत थोडी होती आणि चुकीची किंमत कधीही भरून न येणारी होती.

मात्र यावरून नेहमी अधिक पुरावाच मागावा, असा अर्थ काढू नये. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला मातामृत्यूचा दर काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आला. असे का होते, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हते, आणि अनेक सहकाऱ्यांनी ही पद्धत नाकारली. वास्तविक त्यांचा तर्क चुकला असता, तरी हात धुतल्याने फारसे काही बिघडले नसते. उलट वाट पाहण्याची किंमत बाळंतिणी जिवाने मोजत होत्या. अशा वेळी मत पक्के होण्याची वाट न पाहता कृती सुरू करावी आणि शोध चालूच ठेवावा.

येथे एक मर्यादा कसोशीने पाळावी लागते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. किती पुरावा हवा, हे परिणामांवरून ठरवावे. पुरावा कोणत्या बाजूला झुकतो, हे मात्र परिणामांवरून कधीही ठरवू नये. १८७७ मध्ये इंग्रज गणितज्ञ व तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते: दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो मनातल्या शंका दडपतो, जुनाट जहाज सुरक्षित आहे असे स्वतःला पटवतो आणि प्रवाशांना समुद्रात पाठवतो. जहाज सुखरूप परत आले असते, तरी तो दोषीच ठरला असता, असे क्लिफर्ड यांचे म्हणणे होते. आपला निष्कर्ष सोयीचा असेल, तेव्हा स्वतःला विचारावे: हाच पुरावा माझ्या गैरसोयीच्या बाजूने असता, तर मी इथेच थांबलो असतो का?

माणसांविषयी मत बनवताना अधिकच जपावे लागते. खणातले पैसे गेले आणि नुकताच कामाला लागलेला सहकारी तेवढा जवळपास होता, तर संशय सहज त्याच्यावर जातो. तो उघड बोलून दाखवला नाही, तरी त्या क्षणापासून त्याची प्रत्येक हालचाल त्याच नजरेने पाहिली जाते, आणि त्याला स्वतःची बाजू मांडण्याची संधीही मिळत नाही. म्हणून आधी खण पुन्हा तपासावा, किल्ली आणखी कोणाकडे होती ते पाहावे, पैसे शेवटचे कधी मोजले ते आठवावे. त्यानंतरही उत्तर सापडले नाही, तर ‘पैसे गेले, कसे ते माहीत नाही’ एवढेच नोंदवून ठेवावे.