सहभागी नियोजन शिकवताय? या चुका टाळा

स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी सहभागी नियोजनाची, म्हणजे लोकांना सोबत घेऊन योजना आखण्याची, प्रशिक्षणं भरपूर होतात. दोन-तीन दिवसांत भिंती रंगीत कार्डांनी भरतात, शेवटी गटाचा फोटो निघतो. पुढचा प्रस्ताव मात्र कार्यालयात दोघं-तिघं बसूनच लिहितात, आणि लोकांची बैठक होते ती सह्यांपुरती. तुमच्याकडे असंच होत असेल तर कार्यकर्त्यांवर खापर फोडण्याआधी प्रशिक्षणाची आखणी तपासा. साधनं शिकवली, पण निर्णय कोण घेतं हा विषय काढलाच नाही, अशी बहुतेकदा गत असते.

पहिल्या सत्रापासून साधनांचा मारा

सामाजिक नकाशा, ऋतुमान तक्ता, प्राधान्यक्रम अशी पीआरएची (लोकांनीच आपल्या वस्तीचा आढावा घेण्याच्या पद्धतीची) साधनं शिकायला मजा येते, म्हणून प्रशिक्षक तिथूनच सुरुवात करतात. त्याआधी एक सत्र अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीला द्या. तिच्यात जितकं वर जावं तितका निर्णय लोकांच्या हाती येतो. संस्थेने अलीकडे घेतलेले निर्णय प्रत्येकाला चिठ्ठ्यांवर लिहू द्या: वस्ती कशी निवडली, लाभार्थी कोणी ठरवले, पैसा कशावर खर्च झाला. मग प्रत्येक चिठ्ठी एकेका पायरीवर लावायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, म्हणजे ‘माहिती दिली’ आणि ‘मत विचारलं’ इथे गर्दी झाली तर नवल नाही. अर्न्स्टाइन यांनी या पायऱ्या दिखाऊ सहभागात धरल्या होत्या. भिंतीकडे बघून सगळे जरा गप्प होतात. होऊ द्या, लगेच सारवासारव करू नका.

समस्यावृक्षात उपायच समस्या बनून येतो

समस्यावृक्ष म्हणजे खोडावर मुख्य समस्या, मुळांशी कारणं आणि फांद्यांवर परिणाम मांडलेलं झाड. त्यात ही चूक सर्रास होते आणि महागात पडते. कार्डावर येतं: ‘दवाखाना नाही’. झाडाच्या खोडावर हे कार्ड चिकटलं की फांद्या-मुळं काहीही लिहा, प्रकल्प ठरूनच गेला: दवाखाना बांधा. म्हणून ‘नाही’, ‘अभाव’, ‘कमतरता’ असे शब्द असलेली कार्डं बाजूला काढा आणि विचारा, ‘यामुळे कोणाचं, केव्हा, काय अडतं?’ मग कार्ड बदलतं: ‘अडलेल्या बायका दवाखान्यात फार उशिरा पोचतात’. आता मुळाशी रात्री वाहन न मिळणं येतं, हाताशी पैसा नसणं येतं, आणि न्यायचं की नाही हे घरात कोण ठरवतं हेही येतं. यातल्या एक-दोन गोष्टींना इमारतीची गरजच नसते. ‘निधीचा अभाव’ हे कार्ड तर मी सरळ पुन्हा लिहायला सांगेन. ती संस्थेची अडचण आहे, लोकांची नव्हे.

लॉगफ्रेम भरण्याची घाई

लॉगफ्रेम म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं वर, उपक्रम खाली आणि सोबत गृहीतकं मांडणारा तक्ता. यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने १९६९ च्या सुमारास वापरात आणलेली ही चौकट देणगीदार आजही मागतात, त्यामुळे ती शिकवावीच लागते. फक्त उपक्रम आणि बजेट आधी ठरवून वरचे रकाने मागाहून भरायची सवय मोडा. गृहीतकांच्या रकान्यात ‘लोक सहकार्य करतील’ असं दिसलं की थांबा. लोकांशी बोलून झालं असतं तर हे गृहीत धरायची वेळच आली नसती.

साहेब आणि कार्यकर्ते एकाच गटात

संचालक गटात बसले की पहिलं वाक्य त्यांचं आणि उरलेली सगळी ‘सर म्हणाले तसंच’. ज्या खोलीत कार्यकर्ताच बोलत नाही, तिथून तो वस्तीत जाऊन इतरांना बोलतं कसं करणार? आधी प्रत्येकाने लिहायचं, मग बोलायचं, आणि वरिष्ठांनी शेवटी बोलायचं, असा नियम पहिल्या दिवशीच सांगा. गटही वेगळे करा.

वस्तीतला सराव म्हणजे सहल

लोक कामधंदा बाजूला ठेवून येतात. वेळ त्यांना विचारून ठरवा. हा सराव आहे, यातून योजना येणार नाही, हे तोंडभरून आश्वासनं देण्याआधीच स्पष्ट सांगा. नकाशा लोकांनी काढला तर मूळ कागद त्यांच्याकडे ठेवा आणि त्यांना विचारून फोटो घ्या. खडू स्वतःच्या हातात ठेवणाऱ्या प्रशिक्षणार्थीला तिथल्या तिथे हळूच मागे घ्या. बायकांचा आणि पुरुषांचा प्राधान्यक्रम वेगळा काढला असेल तर गुणांची सरासरी काढू नका. दोन्ही याद्या शेजारी लावा आणि फरक का पडला यावर त्यांनाच बोलू द्या. कामाची माहिती त्या वादातच असते.

प्रमाणपत्र दिलं, संपलं

जाताना प्रत्येकाकडून ‘मी सहभाग वाढवीन’ असं लिहून घेऊन काही होत नाही. एक खरा, छोटा निर्णय लिहून घ्या, जो यापुढे लोक घेतील: बैठकीची वेळ, साहित्याची खरेदी, यादीतली नावं. संस्थेच्या प्रमुखांची त्याला संमती तिथेच घ्या. दीड-दोन महिन्यांनी भेटाल तेव्हा अहवाल मागू नका, त्या बैठकीचं इतिवृत्त मागा. निर्णय कोणाच्या सूचनेवरून झाला आणि त्यासाठी किती पैसे आहेत हे लोकांना सांगितलं होतं का, एवढं त्यात शोधा. रकमेचा उल्लेखच नसेल तर पुढचं सत्र बजेट वाचण्यावर घ्या आणि त्याला वस्तीतल्या दोघी-तिघींनाही बोलवा.